आबांच्या बांधावर चढलेलं चाक

पाणंद मी कोरली. आबांनी नाही. एवढं छोटं वाक्य आजवर माझ्या तोंडून कुणापुढं निघालेलं नाही. बायकोपुढं नाही, भावांपुढं नाही, देवापुढं तर नाहीच. आता पन्नाशी उलटली. तोंडानं निघत नाही ते हातानं निघतंय का बघतो.

आमचं गाव कळस आणि निमगाव केतकीच्या मधल्या पट्ट्यातलं. गावाच्या कडेला शेवटचं घर संपलं की पाणंद सुरू व्हायची. डाव्या हाताला आमचं रान, उजव्या हाताला शेजारच्या आबांचं. दोन्हीकडं बांध आणि मधे बैलगाडी मजेत जाईल एवढी वाट. ती वाट वर माळावर निघायची आणि माळ ओलांडून निमगावच्या बाजाराकडं जायची. बारामतीला गूळ घेऊन जाणाऱ्या गाड्या सडकेनं जात. पण पायी चालणारं माणूस, शेरडं, म्हसरं, बाजाराला निघालेल्या बाया, सगळी रहदारी या पाणंदीनं.

कालवा माझ्या जन्माआधीचाच. पण त्याचं पाणी आमच्या अंगाला खेळायला लागलं आणि ऊस आला तो माझ्या डोळ्यांदेखत. त्याआधी बांध म्हणजे सावलीला बसून भाकरी खायची जागा होती. ऊस आल्यावर तीच जागा माणसाला रिकामी दिसायला लागली. जिथंतिथं बांध बारीक होऊ लागले. पडीक तुकडे मोडून लागवडीला आले. गुरं चारायची म्हटलं तरी माणूस इकडंतिकडं बघायचा.

राहिला होता एक माळ. तो आत्यांचा.

आत्या बापाची एकुलती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून परत माहेरी आल्या आणि बापाची जमीन त्यांच्याकडं राहिली. गावची लेक म्हणून लहानथोर सगळे त्यांना आत्याच म्हणत. माळावर पीक असं काही नव्हतं. पवन्या, कुसळी असलं गवत, मधूनमधून तरवडाची झुडपं, वरच्या अंगाला बिरोबाचं ठाणं आणि त्याच्यापुढं उघडं आभाळ. सकाळी बाया तिकडं जायच्या. दिवसभर गुरं. दिवस कलताना म्हातारे वाऱ्याला बसायचे. बाळंतपण जवळ आलेल्या सुनेला तिची सासू माळावर फिरवून आणायची. घरात जे बोलता येत नाही ते बोलायला जावा-जावा तिकडंच जायच्या. आमच्या आईनं आपल्या माहेरची आठवण काढून रडायचं ते माळावर, घरात कधी नाही. माळ नसता तर गाव गुदमरलं असतं, हे तेव्हा कुणी बोलून दाखवत नव्हतं. पण कळत सगळ्यांना होतं.

एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत बारामतीकडचा एक बागाईतदार माळ मागायला आला. टांगा करून आला होता. आत्यांच्या अंगणात माझे वडील तात्या, आबा आणि आणखी दोघं-चौघं बसलेले. मीही होतो.

"आत्याबाई, नुसतं कुसळ उगवतंय तिथं," तो म्हणाला. "मी वरपर्यंत पाण्याची चारी आणतो. गुळाच्या ढेपा निघतील, ढेपा."

"ढेपा घिऊन करू काय?" आत्या म्हणाल्या. "दात ऱ्हायल्यात चार. त्यातला एक हलतोय."

"तसं न्हवं, पैका मिळंल म्हणतोय."

"ते ऱ्हाऊ दे. मला येक सांग. माळ तू नांगरल्यावर गावच्या बायांनी सकाळचं जायाचं कुठं? तुझ्या उसात?"

अंगण हसलं. तो बागाईतदारही हसला, पण पागोटं सारखं करून उठला. तो गेल्यावर मात्र आत्या हसत नव्हत्या.

"आज म्या घालीवला," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर भावबंद इकत्यालच. मग काय करशीला तुमी?"

तोडगा काढला आबांनी. आबा उंच, हाडकुळे, बोलायला तिरकस. म्हणाले, "बिरूबाला सोडून द्या. मान्साचं रान मानूस नांगरतो. देवाच्या रानाला नांगर लावायची छाती कुनाची हाय?"

तसंच झालं. कागद इंदापूरला झाला. माळ देवाचा, त्याला नांगर लागायचा नाही, कुंपण पडायचं नाही, आणि पाणंद ही माळाची वाट म्हणून कायम खुली राहील. पाच पंचांनी ते राखायचं. पण गावानं मानला तो कागद नव्हे. पाचही पंच पाणंदीच्या दोन्ही बांधांवरून भंडारा उधळत बिरोबापर्यंत गेले, गाव मागून गेलं, आणि त्या पिवळ्या रेघांच्या मधली जागा आता देवाची, हे पोरासोरांनाही कळलं. पाचांत आमचे तात्या होते आणि आबा होते. दोघांची रानं पाणंदीला लागून. राखण त्यांच्यावरच जास्त.

पाणंद शाबूत आहे हे ओळखायचं कसं, याचीही रीत आबांनीच सांगितली. दर चैत्रात ज्वारीचा कडबा घरी येतो. तेव्हा पंचांपैकी एकाची गाडी कडब्यानं भरायची आणि गावापासून बिरोबापर्यंत हाकायची. चाक कुठंही बांधावर चढता कामा नये. ज्याच्या बांधावर चाक चढेल त्यानं ठाण्यापुढं भंडारा उचलून सांगायचं, की मी पाणंद कोरली नाही. कोरली असेल तर त्यानं आपल्या रानातून जागा सोडायची. मोजणी नको, कचेरी नको. सगळ्यांना पटलं. यातली खोट कुणाला दिसली नाही: चाक ज्याच्या बांधावर चढतं, त्यानंच बांध सरकवलेला असतो असं नाही.

दोन वर्षांनी तात्या गेले. त्यांच्या जागी मला पंच केलं. मी पंचविशीतला, शाळा शिकलेला, कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याला लोक शहाणा समजतात. याचा फायदा मी पुढं आयुष्यभर खाल्ला.

पाणंदीत नांगराचा पहिला तास चुकून पडला, हे खरं आहे. नांगरताना बाहेरच्या अंगाचा बैल बांध ढासळलेल्या जागी खाली उतरला आणि नांगराचा फाळ पाणंदीत गेला. बैल वळवायला हवा होता. मी बघितलं, तर पाणंदीची माती अशी निघाली, की हातात घेऊन हुंगावी. वर्षानुवर्षं गुरांच्या शेणामुतानं पोसलेली. मी तसाच पुढं गेलो. त्या कडेचा ऊस बाकीच्या फडापेक्षा हातभर उंच झाला. येणारा-जाणारा म्हणायचा, "तात्यांचं पोरगं राबतंय हां." मला ते गोड लागायचं.

पुढच्या साली मी बैलाला चुकू दिलं नाही. मीच घातला तास. त्याच्या पुढच्या साली आणखी एक. बांध नवा दिसू नये म्हणून पावसाळ्यात जुन्या बांधाचे हराळीचे थर अलगद काढून नव्या बांधावर लावले. हराळी रुजायला काय लागतं! महिन्याभरात बांध असा दिसायला लागला, जसा काही आजोबांच्या वेळचा.

आपण देवाचं खातोय असं वाटत नव्हतं का? वाटत होतं. पण असं एकदम वाटत नाही. एका तासानं पाणंद मोडत नाही, गुरं जातातच आहेत, बाया चालतातच आहेत, असं माणूस स्वतःला सांगतो. आणि ते खोटं नसतं. म्हणूनच ते सांगणं चालतं.

त्या वर्षी चैत्रात गाडी माझी होती.

कडबा भरून मी बैल जुंपले. पंच पुढं, माणसं मागं, आत्या काठी टेकत सगळ्यांच्या पुढं. मला ठाऊक होतं की गाडी जिथं अडायची ती जागा कुठली. तिथं पाणंद आता जेमतेम गाडीएवढी राहिली होती. गाडी सरळ नेली असती तर डावं चाक माझ्या बांधावर चढलं असतं. जागा जवळ आली आणि मी उजवा कासरा ओढला. फार नाही. बैलांनाही कळलं नसेल असा. उजवं चाक आबांच्या बांधावर चढलं, गाडी कलली, कडब्याच्या चार पेंढ्या घरंगळून खाली पडल्या.

"थांबीव, थांबीव!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळे जमले. आणि आबांचा बांध त्या जागी ताजा होता. मातीचा रंगसुद्धा वेगळा. त्या हिवाळ्यात चारी फुटून त्यांचा बांध वाहून गेला होता, आणि आबा आणि त्यांची बायको, आमच्या काकू, या दोघांनी मिळून नवी माती घातली होती. जुन्या जागीच घातली होती. पण बघणाऱ्याला काय दिसणार? एकीकडं नवा बांध, एकीकडं हराळीनं भरलेला जुना.

"आबा, हे काय?" थोरले पंच म्हणाले.

"काय म्हंजी? चारी फुटली व्हती. बांध घातलाय."

"कुठं घातलाय, ते इचारतोय."

"हुता तितंच."

मागून एकजण बोलला, "बांधाला पाय फुटलं असत्याल, आबा!" आणि काही जण हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी एकवार माझ्या बांधाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी बैलाच्या मानेवरचं जू सारखं करत होतो.

बिरोबापुढं गेल्यावर थोरल्या पंचांनी भंडाऱ्याचं ताट पुढं केलं. "रीत तुमीच घातली, आबा. उचला आन् मोकळं व्हा."

आबांनी हात पुढं केला नाही.

"मी कोरली न्हाय," ते म्हणाले. "पर भंडारा न्हाय उचलायचो."

"का? खऱ्याला भ्या कशाचं?"

आबांनी ताटाकडं बघितलं. मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पयल्यांदा उचलला हुता तवाबी खराच हुतो. भावकीच्या भांडनात. म्हैन्यात मधला पोरगा गेला. तवाच कानाला खडा लावलाय, खरी असू दे न्हायतर खोटी, देवाच्या फुडं आन घ्यायची न्हाय."

आमच्याकडं हे खूप जण मानतात. खरी शपथसुद्धा पोराबाळांना लागते म्हणतात. एरवी कुणी म्हातारा असं बोलला असता तर गावानं मान डोलावली असती. पण रीत घालताना आबांना हे आठवलं नव्हतं, आणि चाक त्यांच्या बांधावर चढल्यावर आठवलं, एवढंच लोकांनी धरलं. कुजबुज सुरू झाली. आबांच्या बाजूनं कुणी बोललं नाही असं नाही. एकजण म्हणाला, की आबा असं करणारे नव्हेत.

आत्या माझ्याकडं वळल्या. "तू समोरचा बांधवाला. पंचबी हाईस. तुजं काय म्हननं?"

आजही मी हे वाक्य मनात म्हणून बघतो, की "आत्या, बांध माझा सरकलाय." एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "भंडाऱ्याचा आग्रह नको. आबांनी आपणहून जागा सोडली, तर विषय मिटतो."

लोकांना ते फार आवडलं. पोरगं शहाणं निघालं, बापाचं नाव राखलं, म्हाताऱ्याची अब्रू झाकली, असं म्हणाले. अब्रू झाकली! त्या एका वाक्यानं मी आबांना चोर ठरवलं आणि वर दयाळूही ठरलो. आत्यांनी मान हलवली, पण आबांकडं बघितलं नाही. ज्या माणसानं माळ राखायचा तोडगा दिला, त्यानंच पाणंद खाल्ली, हे त्या बाईच्या मनात जे बसलं ते कायमचं.

आबांनी पंचकी तिथंच सोडली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतः कुदळ घेऊन बांध मागं घ्यायला सुरुवात केली. मला वाटलं होतं, हातभर घेतील. त्यांनी चांगला दोन गाड्यांना जागा होईल एवढा मागं घेतला. त्यांच्या बांधावर शेवग्याची झाडं होती. काकू त्या शेंगा निमगावच्या बाजारात विकायच्या. त्यातून घरातलं तेल-मीठ व्हायचं. बांध मागं घ्यायचा तर झाडं जायची. काकू डोक्याला हात लावून बांधावर बसल्या होत्या.

"आवो, कोरली न्हाय म्हंता, आन् सोडता का मग?" त्या विचारत होत्या. मी माझ्या उसात पाण्याला होतो, दोघांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"गाडी अडली का न्हाय?"

"अडली."

"मग? ती काय माझ्या खरेपनावर चालनार हाय व्हय? तिला जागा लागती."

काकू रागानं उठून गेल्या. आबांनी झाडं तोडली. तोडताना शिव्या घालत होते, कुणाला ते कळत नव्हतं. मला कळत होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा आम्ही दोघं पाणंदीत समोरासमोर आलो. मी वाट सोडून कडेला झालो. ते थांबले. माझ्या बांधाकडं बोट करून म्हणाले, "हराळी झ्याक रुजलीया तुझी."

मी खाली बघून पायानं चिखल सारत राहिलो.

"म्हातारपनी डोळं गेलं असत्याल आत्याचं. माझं न्हाय," ते म्हणाले. "जुन्या बांधाची हराळी वर वाळल्याली असती आन् मुळाशी गुतल्याली. तुझी हिरवीगार, अन् मुळं वरच्या वर. चांगला माळी हाईस."

"आबा, मी…" एवढंच माझ्या तोंडून आलं.

"मी न्हाय सांगायचो. म्या सांगितलं की लोकं म्हनत्याल, घ्या, भंडारा उचला आन् सांगा. तू सांग. सांगशील तवा सांग."

आणि ते गेले. रागावून गेले असते तर बरं झालं असतं. जाताना बाजूच्या वासराला "हैक" करून वाटेला लावलं आणि नेहमीसारखे चालत गेले.

"सांगशील तवा सांग." मी रोज सांगणार होतो. ऊस तुटल्यावर सांगू म्हटलं. धाकट्या भावाचं लग्न झाल्यावर सांगू म्हटलं. लग्नात आबा जेवायला आले, पंगतीत बसले, मी स्वतः वाढलं. वाढताना ते म्हणाले, "पोळी थोडी मोडून घाल, दात न्हाईत." दुसरं काही नाही. मीही दुसरं काही नाही.

आत्या आधी गेल्या. शेवटच्या आजारपणात त्यांना उचलून माळावर नेलं होतं, त्यांचीच इच्छा. पाणंदीतून नेताना चारी बाजूंनी धरून चौघं सहज चालत होते. वाट रुंद होती. ती आबांच्या रानातून रुंद झालेली होती. आत्या म्हणाल्या, "न्हाई म्हनलं तरी वाट राखली पोरांनी." पोरांत त्यांनी मला धरलं होतं. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आबा गेले.

माळ अजून तसाच आहे. याचा मला आनंद आहे आणि तो आनंद खोटा नाही, हे लिहिताना मला बजावून सांगावंसं वाटतं. आसपासच्या गावांची चराऊ रानं उसात गेली, पाऊलवाटा बुजल्या, आमची राहिली. चंडोल अजून आभाळात चढतो आणि तिथूनच ओरडतो. नवी सून अजून सासूबरोबर फिरायला येते. निमगावच्या बाजाराला आता एसटी आहे, तरी दिवस मावळायच्या बेताला बाया पायीच परततात, कारण गाडीत बसून जावांना बोलता येत नाही. मी रोज जातो. जाताना आबांच्या बाजूनं चालत नाही.

हे सारं मी गिळून राहिलो असतो, पण यंदाच्या चैत्रात एक झालं. पंचांची एक जागा रिकामी झाली आणि कुणीतरी आबांच्या थोरल्या मुलाचं नाव काढलं. सरळ माणूस, बापासारखाच उंच, तिरकस मात्र नाही. तोही तिथं बसला होता. एक तरणा गडी, ज्याचा जन्मही त्या वेळी झालेला नव्हता, तो हसत म्हणाला, "आवो, पानंद खानाऱ्याच्या घरात पंचकी? मांजराला दुधाची राखन द्या की मग!"

लोक हसले. जुनी गोष्ट, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आबांचा मुलगाही हसला. तोंड कुठं लपवावं ते न कळलेला माणूस हसतो तसा. मग म्हणाला, "आमचं नगं. दुसऱ्याला घ्या." आणि चप्पल घालून उठला.

मी पंचांत सगळ्यांत जुना. माझ्याकडं सगळ्यांनी बघितलं. मी काय म्हणतो याची वाट बघत होते, कारण मी कमी बोलतो आणि शहाणा आहे. मी म्हणालो, "पुढच्या बैठकीत बघू."

घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "तब्येत बरी न्हाई का?" मी बरी आहे म्हणालो.

आबांनी मला जे दिलं ते मोकळीक नव्हती, हे मला इतक्या वर्षांनी कळतं. त्यांनी माझ्या हातात एक काम दिलं होतं आणि ते कधी करायचं हे माझ्यावर सोडलं होतं. मी त्याला मोकळीक समजलो. त्यांच्या मुलाला लोक आज हसतात ते माझ्या त्या न केलेल्या कामामुळं. आणि तो माझ्या घरी आजही सणाला येतो, पाया पडतो, "काका" म्हणतो.

म्हणून जे मी देणं लागतो ते इथं लिहून ठेवतो. बिरोबाच्या ठाण्यापुढं, बाकीचे पंच आणि आबांचा मुलगा समोर असताना, पाणंद मी कोरली आणि कासरा मी ओढला, हे तोंडानं सांगणं मी लागतो. माझा बांध जुन्या जागी मागं नेणं लागतो. आबांनी सोडलेल्या जागेपैकी त्यांच्या मुलाला जेवढी परत हवी असेल तेवढी त्याच्या रानात परत घालून देणं लागतो. माझी पंचकी सोडून ती त्याच्या घरी देणं लागतो. यातलं मी अजून काहीच दिलेलं नाही.